नाणेसंग्रह : वाचकांचे प्रश्न – मेक्सिकोची चांदी आणि वऱ्हाडातला रुपया

युरोपीय साम्राज्यांच्या जुन्या चांदीच्या नाण्यांविषयी गेल्या काही महिन्यांत विदर्भातील खेड्यापाड्यांतून पुष्कळ पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. वाचकांची नावे वगळून फक्त तालुक्याचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : आजीच्या लाकडी पेटीत राणी छाप रुपयापेक्षा बरेच मोठे असे चांदीचे एक नाणे मिळाले. एका बाजूला डोक्यावर पानांची माळ असलेल्या जाड मानेच्या पुरुषाचा मुखवटा असून दुसऱ्या बाजूला दोन खांबांच्या मध्ये ढाल आहे. वर्ष १७९७ असे वाचता येते. गावातील सोनाराने वजन २६.७ ग्रॅम सांगितले आणि मोडीच्या भावाने घेण्याची तयारी दाखवली. हे नाणे कुठले आहे आणि ते मोडीत द्यावे काय? (एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : मोडीत मुळीच देऊ नये. आपण केलेल्या वर्णनावरून हे स्पेनचा राजा चौथा चार्ल्स याच्या काळातील आठ रियालांचे नाणे दिसते (रियाल हे स्पेनचे जुने चलन). मुखवट्याभोवती ‘कारोलस’ हे नाव, त्यापुढे चार उभ्या रेघा आणि ‘डेई ग्रासिया’ म्हणजे ईश्वरकृपेने, असा लॅटिन मजकूर रोमन लिपीत असावा. मागच्या बाजूच्या ढालीत दोन किल्ले आणि दोन सिंह असतात, तर दोन्ही बाजूंचे खांब म्हणजे भूमध्य समुद्राच्या तोंडावरील हर्क्युलिसचे स्तंभ होत. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेपासून चीनपर्यंत विश्वासाने घेतले जाणारे असे दुसरे नाणे नव्हते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ते १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते.

आता भिंग घेऊन मागच्या बाजूचा काठालगतचा मजकूर नीट वाचावा. त्यात रोमन एम आणि त्यावर बारीक ओ असे चिन्ह दिसल्यास नाणे मेक्सिको शहराच्या टांकसाळीतले आहे. पी, टी, एस ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली असल्यास ते आजच्या बोलिव्हियातील पोतोसीचे, आणि लिमा या नावाची अक्षरे गुंफलेली असल्यास पेरूचे समजावे. त्याच ओळीत आठ हा आकडा व आर, आणि पुढे कसदारांची, म्हणजे धातूचा कस तपासून देणाऱ्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरे असतात. मेक्सिकोच्या १७९७ च्या नाण्यावर ती एफ आणि एम अशी असायला हवीत. नाण्यात चांदी कमी भरली तर जबाबदार कोण, हे त्या अक्षरांवरून कळत असे, आणि संग्राहकासाठीही तीच अक्षरे नाण्याची खरी ओळख ठरतात.

मूळ प्रमाण वजन सुमारे २७.०७ ग्रॅम होते, त्यामुळे हाताळणीने झिजून २६.७ ग्रॅम राहणे स्वाभाविक आहे. मात्र सोनाराकडून वजन तोळ्यांत घेतल्यास एक काळजी घ्यावी. हल्लीचा सराफी तोळा १० ग्रॅमचा धरला जातो, तर जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणून वजन नेहमी ग्रॅममध्येच लिहून ठेवावे. चांदीचा कसही सर्व काळ एक नव्हता. १७७२ पूर्वी हजारात सुमारे ९१७ भाग चांदी असे, त्या वर्षी ती ९०३ वर आणली गेली, आणि १७८६ मध्ये राजाज्ञेने गुप्तपणे आणखी थोडी कमी करून ८९६ केली गेली. आपले नाणे या शेवटच्या काळातले आहे.

प्रश्न : अमेरिकेची चांदी युरोपीय कंपन्यांनी जहाजे भरभरून भारतात आणली असे इतिहासात शिकवले जाते आणि मीही अनेक वर्षे तेच शिकवले. मग आमच्या भागात जुन्या घरांत मोगली, भोसल्यांचे आणि कंपनीचे रुपये निघतात, पण स्पॅनिश नाणी क्वचितच का दिसतात? (निवृत्त शिक्षक, पुसद तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : या महिन्यातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. ती चांदी आपल्याकडे पोहोचली, पण नाण्याच्या मूळ रूपात पोहोचली नाही.

पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली ती १५४५ मध्ये, आणि पाठोपाठ मेक्सिकोतील साकातेकासच्या खाणी सुरू झाल्या. मेक्सिकोची टांकसाळ त्याआधीच, १५३५ मध्ये स्थापन झाली होती. पेरूतील वांकावेलिका येथे पारा मिळाल्यानंतर पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या प्रतीच्या खनिजातूनही चांदी वेगळी करता येऊ लागली आणि उत्पादन एकदम वाढले. ही चांदी तीन वाटांनी आशियात येई : स्पेनमार्गे ॲम्स्टरडॅम व लंडनला जाऊन तेथून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांनी, अलेप्पो, बसरा, मोखा अशा पश्चिम आशियातील बाजारपेठांतून, आणि १५६५ ते १८१५ या काळात मेक्सिकोतील आकापुल्कोहून फिलिपिन्समधील मनिलाला जाणाऱ्या गलबतांतून. हिंदुस्थानातील कापड, नीळ, मिरी आणि सोरा युरोपीय व्यापाऱ्यांना हवा होता, पण त्यांच्याकडच्या मालाला येथे फारशी मागणी नव्हती, त्यामुळे किंमत चांदीतच मोजावी लागे. इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीला १६०० मध्ये सनद मिळाली तेव्हा तीत प्रत्येक सफरीला ३०,००० पौंडांपर्यंत चांदी देशाबाहेर नेण्याची मुभा स्पष्टपणे दिलेली होती. पहिल्या सफरीसाठी राणी एलिझाबेथने किल्ल्याच्या जाळीदार दरवाजाचे चित्र असलेली, स्पॅनिश वजनाला जुळणारी खास नाणी पाडून घेतली, पण पूर्वेच्या बाजारात ती चालली नाहीत. व्यापाऱ्यांना ओळखीचे स्पॅनिश रियालच हवे होते.

सुरतेला उतरल्यावर मात्र या ओळखीच्या नाण्याचेही नाणेपण संपे. मोगल मुलखात व्यवहार बादशाही रुपयात होत असे. परदेशी नाणे सराफ वजनाने आणि कसाने विकत घेई, आणि ते टांकसाळीत जाऊन वितळे. टांकसाळ सर्वांना खुली होती, म्हणजे कोणीही चांदी आणून, ठरलेला खर्च व हक्क देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. मोगल रुपया ११ ग्रॅमहून थोडा अधिक वजनाचा आणि जवळजवळ शुद्ध चांदीचा होता, त्यामुळे आठ रियालांच्या एका नाण्यातून दोन रुपये आणि वर थोडी चांदी निघे. हिंदुस्थानात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे सतराव्या शतकातील रुपयांचा एवढा साठा कोठून आला याचे उत्तर आपोआप मिळते.

सुरतेहून आग्र्याकडे जाणारी एक मुख्य वाट बुऱ्हाणपूरवरून जात असे. बुऱ्हाणपूरलाही मोगलांची टांकसाळ होती, आणि तेथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तानापर्यंत जात असल्याचे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नोंदवले आहे. बुऱ्हाणपूर आपल्या बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांना किती जवळ आहे हे वेगळे सांगायला नको. तेथून वऱ्हाडात, बाळापूर, एलिचपूर या ठाण्यांकडे, रुपये येत राहिले. शेतसारा रोख द्यायचा, सैन्याचा पगार रोख द्यायचा, त्यामुळे ते खेड्यापर्यंत उतरले. पुढे नागपूरकर भोसल्यांनीही मोगल बादशहाच्या नावानेच रुपये पाडले, आणि त्यांत जुने रुपये पुन्हा वितळून मिसळले गेले.

म्हणून पुसदच्या एखाद्या घरातील सुरत किंवा बुऱ्हाणपूर टांकसाळीचा रुपया हा पोतोसीच्या चांदीचा असण्याची शक्यता मोठी आहे. नुसत्या डोळ्यांनी ते सिद्ध करता येत नाही, पण इतिहास त्या बाजूने साक्ष देतो. माझे ठाम मत असे की विदर्भातील संग्राहकाने परदेशी नाणी एका पेटीत आणि देशी नाणी दुसऱ्या पेटीत असे दोन वेगळे संग्रह करू नयेत. आठ रियालांच्या शेजारी सुरतेचा रुपया ठेवला, तरच त्या रियालाचे येथे काय झाले हे पाहणाऱ्याला कळते. आपल्यासारख्या शिक्षकांनी वर्गात ही दोन नाणी एकत्र दाखवावीत.

प्रश्न : यात्रेत आणि आठवडी बाजारात अशी मोठी विदेशी नाणी पथारीवर विकायला असतात. खरे-खोटे घरी कसे ओळखावे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : पथारीवरच्या मोठ्या विदेशी नाण्यांतील बहुतेक नाणी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची किंवा वरून चांदीचा मुलामा दिलेली नक्कल असतात, असेच गृहीत धरून पाहणी सुरू करावी. चुंबकाला चिकटले तर प्रश्न मिटला, पण न चिकटणे हा चांदीचा पुरावा नव्हे, कारण तांबे, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत.

खरी उपयोगाची परीक्षा घनतेची आहे आणि ती घरी करता येते. ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. आधी नाण्याचे कोरडे वजन लिहावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याने नाणे पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असे हातात धरावे. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी घालवावेत. आता काट्यावर दिसेल तो आकडा नाण्याच्या घनफळाएवढा असतो. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे, आणि ९०० च्या आसपास कस असलेल्या नाण्याची १०.३ च्या जवळपास येते. २७ ग्रॅमच्या खऱ्या नाण्याला पाण्यातील आकडा २.६ च्या आसपास मिळेल, तर तांबे-निकेलच्या त्याच वजनाच्या नकलेला तो ३ च्या वर जाईल. फरक ठळक आहे, म्हणून ही परीक्षा मला कसोटीच्या दगडापेक्षा अधिक आवडते. शिवाय तिच्यात नाणे घासावे लागत नाही.

पण चांदीच्याच पत्र्यावर छापलेली नक्कल या परीक्षेतून सुटते. तेव्हा काठ पाहावा. मुखवट्याच्या स्पॅनिश नाण्याच्या काठावर वर्तुळ आणि आयत यांची एकाआड एक नक्षी असते. ती दोन पट्ट्यांच्या मधून नाणे फिरवून उमटवली जात असल्याने, जेथे पट्टीची सुरुवात व शेवट जुळतो त्या समोरासमोरच्या दोन जागी नक्षी थोडी एकमेकींवर चढलेली किंवा तुटलेली दिसते. नक्कल करणारे बहुधा हे विसरतात. काठाच्या मध्यावरून गोल फिरणारी बारीक रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि अक्षरांच्या कडा गोलसर असणे, ही साच्यात ओतल्याची लक्षणे होत.

प्रश्न : आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत सैनिक होते. त्यांनी आणलेल्या नाण्यांवर एका स्थूल राणीचे चित्र असून वर्ष १७८० आहे. एवढी जुनी नाणी युद्धात त्यांना कशी मिळाली? (गृहिणी, चिखली तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : ती नाणी ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा या सम्राज्ञीची थालर आहेत. तिचे निधन १७८० मध्ये झाले, पण अरबस्तान आणि इथिओपियात हे नाणे इतके रुजले होते की तेथील लोक वेगळ्या वर्षाचे नाणे घेईनात. म्हणून १७८० हेच वर्ष कायम ठेवून ते पुढे दोन शतके पाडले गेले. वजन २८.०७ ग्रॅम, कस ८३३, आणि काठावर ‘न्याय आणि दया’ या अर्थाचे लॅटिन शब्द ही त्याची लक्षणे. व्हिएन्ना, व्हेनिस, मिलान, रोम, लंडन, पॅरिस अशा अनेक टांकसाळींत ते पडले. ब्रिटिश सैन्य पूर्व आफ्रिकेत इटलीशी लढत होते तेव्हा, १९४० पासून, हे थालर मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले, कारण तेथील लोकांना देणी याच नाण्यात चुकवावी लागत. आपल्या आजोबांनी आणलेले नाणे मुंबईतच पाडलेले असण्याची शक्यता त्यामुळे आहे. ते १७८० सालातले नाही, हे ऐकून निराश होऊ नये. आजोबांची पलटण, ते कोणत्या साली कोठे होते, घरी परत कधी आले, हे जेवढे घरात आठवत असेल तेवढे आजच लिहून नाण्यासोबत ठेवावे. बाजारात असे थालर पुष्कळ मिळतात, पण अशी नोंद असलेले फार थोडे असतात.

प्रश्न : आमच्या तांड्यातील जुन्या माळांमध्ये रुपयांबरोबर एक-दोन परकी नाणी ओवलेली आहेत. त्यांना कड्या झाळलेल्या आहेत. कड्या काढून नाणी चिंचेने स्वच्छ केली तर किंमत वाढेल काय? (एक वाचक, मानोरा तालुका, जि. वाशिम)

उत्तर : कमी होईल. कडी काढताना झाळाचा डाग राहतोच, आणि चिंच, लिंबू, राख किंवा दंतमंजन यांनी घासलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात, ते पुन्हा कधीही भरून येत नाहीत. काळसर थर हा चांदीचा गंधकाशी झालेला संयोग आहे आणि तो धातूचे नुकसान करीत नाही. माळ जशी आहे तशी अखंड ठेवावी. नाणी ओवलेली बंजारा माळ ही स्वतःच एक ऐतिहासिक वस्तू आहे आणि तिच्यातील एका नाण्याच्या किमतीसाठी ती तोडणे मला पटत नाही. ठेवताना रबर, लोकरी कापड आणि वर्तमानपत्राचा कागद टाळावा, कारण त्यांनी चांदी लवकर काळी पडते. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट चिकट थर उतरतो, तोही घातक आहे.

प्रश्न : मी अल्पभूधारक शेतकरी आहे. वाचनाची आवड आहे आणि असा संग्रह करावा असे मनापासून वाटते, पण फार पैसे घालता येणार नाहीत. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : सुरुवात घराजवळून करावी. फ्रेंचांनी पाँडिचेरीत १७३६ मध्ये परवानगी मिळवून दक्षिणेतील अर्काट येथील टांकसाळीच्या धर्तीचे रुपये पाडले, त्यांवर चंद्रकोरीचे चिन्ह असते. इंग्लिश कंपनीने बंगालमध्ये मोगल बादशहा शाह आलमच्या नावाचे रुपये पाडले आणि त्यांवर राज्यवर्ष, म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष, १९ हेच आकडे वर्षानुवर्षे तसेच ठेवले. दिसायला ही नाणी फारसी लिपीतील बादशाही रुपये आहेत, पण पाडणारी सत्ता युरोपीय आहे. ती मोठ्या रियालांपेक्षा स्वस्त पडतात आणि ती वाचायला शिकताना मोगल व भोसल्यांची नाणीही वाचता येऊ लागतात. त्यानंतर आठ रियालांऐवजी दोन किंवा एक रियालाचे झिजलेले नाणे घ्यावे. टांकसाळीचे चिन्ह वाचता आले म्हणजे पुरे.

हातोड्याने पाडलेली वेडीवाकडी जुनी नाणी मात्र घाईने घेऊ नयेत. त्या काळी चांदीचा तुकडा कातरीने छाटून वजनाला उतरवीत आणि दोन ठशांमध्ये ठेवून ठोकीत, त्यामुळे कोणतेही दोन नग सारखे नसतात आणि नकली ओळखणे कठीण जाते. त्यांचा इतिहास मात्र अवश्य वाचावा. पोतोसीच्या टांकसाळीत १६४० च्या दशकात कमी कसाची नाणी पाडल्याचा मोठा घोटाळा उघडकीस आला. त्यात गोमेस दे ला रोचा या धनाढ्य चांदी व्यापाऱ्याला मृत्युदंड झाला आणि लोकांचा विश्वास परत मिळवण्यासाठी १६५२ पासून नाण्याचा ठसाच बदलावा लागला. त्याच डोंगरात, सक्तीच्या पाळीने आणलेल्या स्थानिक मूलनिवासी मजुरांचे हाल झाले आणि असंख्य माणसे मेली. नाणे हातात घेताना ही बाजू मी स्वतः विसरत नाही, आणि संग्राहकाच्या वहीत वजन व कसाबरोबर तिचीही नोंद असावी असे मला वाटते.

समुद्रात बुडालेल्या जहाजांतील नाणी कमी किमतीत देऊ केली जातात, उदाहरणार्थ १७८४ मध्ये बुडालेल्या आणि १९९३ मध्ये सापडलेल्या ‘एल कासादोर’ या स्पॅनिश जहाजावरील रियाल. खाऱ्या पाण्याने चांदी खाल्ली गेल्याने त्यांचे वजन कमी भरते. ती घ्यायला हरकत नाही, मात्र त्यांची वजने प्रमाण वजनाशी ताडून पाहू नयेत. आणि काहीही विकत घेण्यापूर्वी एकदा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला, १८६३ पासून असलेल्या आपल्या ‘अजब बंगल्या’ला, भेट द्यावी. खरी जुनी चांदी डोळ्यांखालून गेलेली असली की बाजारातली नक्कल लवकर खटकते.

प्रश्न : विहीर खोदताना मडक्यात जुनी चांदीची नाणी सापडली तर ती आपली होतात काय? गावात याविषयी नाना गोष्टी सांगितल्या जातात. (ग्रामपंचायत सदस्य, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : आपोआप होत नाहीत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास, सापडणाऱ्याने तो कोणत्या स्वरूपाचा आहे, कोठे व कोणत्या दिवशी सापडला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. कळवले नाही तर त्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. चौकशीअंती ऐवज बेवारस ठरला, तर कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेला मालकाला असे त्याचे प्रमाण आहे. शासनाला नाणी ठेवून घ्यायची असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश रक्कम अधिक द्यावी लागते. गावात हे नियम मोठ्याने वाचून दाखवले तर रातोरात सोनाराच्या मुशीत जाणारी किती तरी मडकी वाचतील.

मडके सापडल्यास नाणी धुऊ नयेत, वाटून घेऊ नयेत आणि मडक्याचे तुकडेही फेकू नयेत. कोणती नाणी एकत्र होती आणि त्यांतले सर्वांत अलीकडचे कोणते, यावरूनच तो ठेवा केव्हा पुरला हे ठरते. आणखी एक कायदा लक्षात ठेवावा. पुरावशेष व कला निधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. परदेशातील ग्राहकाला टपालाने नाणे पाठवण्याची गळ कोणी घातली, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.